बाजूला व्हायची सवय

शिरूरमध्ये मला माझ्या नावानं कुणीच हाक मारत नाही. कंपनीत मी ‘ए किनवट’, मैदानावर नुसता ‘किनवट’, आणि ज्यांच्या पत्र्याच्या खोलीत राहतो ते आप्पासुद्धा सकाळी दारात येऊन ‘किनवटकर, पाणी आलंय बरं का’ असंच म्हणतात. आधी राग यायचा. गावाकडं होतो तेव्हा किनवट म्हणजे आमचा तालुका, बाजाराला जायचं ठिकाण. माझं गाव त्याच्याही पलीकडं, सागाच्या जंगलाच्या कडेला. पण इतक्या लांब आल्यावर माणसाला आपलं गाव जरा मोठं करून सांगावं लागतं, नाहीतर समोरच्याला कळतच नाही. आता सवय झाली आहे, आणि आज सवयीचंच सांगायला बसलो आहे.

शाळा आठवीला सुटली. मला कुणी काढलं नाही, मीही भांडून सोडली नाही. नववीचा वर्ग लांबच्या गावाला होता, मधल्या रस्त्याला एसटी नव्हती, आणि त्याच वर्षी वडलांची कंबर धरली. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू, असं सगळेच म्हणाले. पुढच्या वर्षी कापूस वेचायला माणूस मिळेना. नंतर गावातली चार पोरं एका ठेकेदाराबरोबर पुण्याकडं निघाली, त्यांच्यात मी. शिरूरजवळच्या एका कंपनीत पंख्यांच्या जाळ्या पुसून खोक्यात भरायचं काम मिळालं. आजही तेच करतो.

माझा स्वभाव काळजीचा. खोलीला कुलूप लावलं तरी परत येऊन ओढून बघतो. बसमध्ये बसलो की आधार कार्ड खिशात आहे ना ते चाचपतो. लांब राहणाऱ्या माणसाचं असंच असतं. काही चुकलं तर सांभाळून घ्यायला इथं आपलं कोण आहे, असं सारखं वाटतं. खरं तर इथं मला सांभाळून घेणारी माणसं पहिल्या वर्षातच भेटली. ती कशी भेटली ते आधी सांगतो.

कंपनीची पहिली पाळी धरायला मी कालव्याच्या भरावावरून पळत जायचो. रस्त्यानं फेर पडतो, भरावावरून सरळ निघतं. एका सकाळी खांद्याला डब्याची पिशवी अडकवून पळत होतो. पुढं दहा-बारा पोरं एका रांगेत पळत होती. मला उशीर झाला होता म्हणून मी त्यांना ओलांडून गेलो. पुलावर एक दणकट माणूस हातात स्टॉपवॉच घेऊन उभा होता. त्यानं मला दोन्ही हात पसरून अडवलं.

“कुठल्या अकॅडमीचा रं तू?”

“कंपनीचा.”

“डबा घेऊन पळतोस व्हय?”

“मंग काहून? डबा ठेवू कुठं?”

मागची पोरं धापा टाकत येऊन पोहोचली होती. ती माझ्या ‘काहून’वर हसायला लागली. तो माणूस हसला नाही. ते आमचे सर. शिरूरला पोलीस भरतीची तयारी करून घेतात. स्वतः तरुणपणी भरतीला गेले होते, छातीत कमी भरले आणि परत आले. तेव्हापासून दुसऱ्यांच्या पोरांच्या छात्या मोजत आहेत, असं तेच सांगतात.

“बारावी झाली का?” त्यांनी विचारलं.

“आठवी.”

त्यांनी माझे पाय वरपासून खालपर्यंत बघितले. मग म्हणाले, “भरतीला बारावी लागती. पळायला काय लागत न्हाई. उद्यापासून डबा हितं पुलावर ठेव आन् ह्या म्हशींना ओढ.”

त्या दिवसापासून मी ‘ओढणारा’ झालो. हे काम बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. भरतीत पोरांना सोळाशे मीटर पळायचं असतं. तिथं कितवा आलात याला किंमत नाही, वेळेला आहे. ठरलेल्या वेळेत आलात की पुरते मार्क. म्हणून सरावाला पुढं एक जण लागतो, जो एकसारख्या चालीनं पळेल आणि मागच्यांना आपल्याबरोबर खेचून नेईल. पण शेवटच्या टप्प्यात त्यानं बाजूला व्हायचं. तेव्हा मागची पोरं जीव काढून पळत असतात. त्यांच्या वाटेत ओढणारा लुडबुडला तर त्यांची वेळ जाते. आमच्या कालव्यावर पुलाच्या अलीकडं एक बाभळ आहे. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला ऊस. बाभळ आली, मागून पावलं जवळ वाजली, की मी उजवीकडं उसाच्या अंगाला सरकायचो आणि पोरं माझ्या डावीकडून सुसाट निघून जायची. मी मागून ओरडायचो, “चला, चला, सोडू नका!” आणि चालत चालत पुलावर जाऊन डबा उचलायचो.

मला ते काम आवडायचं. सरांनी माझ्याकडून कधी फी घेतली नाही, उलट भरती होऊन गेलेल्या एका पोराचे बूट दिले. ज्यांना मी ओढलं त्यातले काही खाकी घालून गावोगाव गेले. सुट्टीला आले की पुलावर येऊन मला मिठी मारतात. मी भरतीला बसू शकत नाही याचं वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर सांगतो की वाटतं. पण पहाटे कालव्यावर बारा पोरं माझ्या पाठीमागं पळतात, तेव्हा ते वाटणं फार वेळ टिकत नाही.

या पोरांत सगळ्यात जोरात पळणारा यवतचा होता. त्यालाही आम्ही गावाच्याच नावानं हाक मारायचो. घरी बागायती, वडील सोसायटीवर, दारात ट्रॅक्टर. पण ह्याला खाकीच पाहिजे. तोंडाचा फटकळ आणि मनाचा मोकळा. माझ्या डब्यातली भाकरी न विचारता खायचा आणि वर म्हणायचा, “मीठ कमी हाय.”

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर सरांनी पुलावर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, “दौंडला आंतरराष्ट्रीय युवक महोत्सव हाय.”

“आंतरराष्ट्रीय, आन् दौंडला?” यवत म्हणाला. “गाडी बदलायला उतरल्यात का काय ते?”

सगळे हसले. सरांनी नीट समजावलं. पुण्यात बाहेरच्या देशांची बरीच पोरं शिकायला आहेत. त्यातल्या कितीतरी जणांच्या देशात लढाया होऊन गेल्या आहेत. एका संस्थेनं ठरवलं होतं की या पोरांना आणि इथल्या खेड्यापाड्यातल्या पोरांना एकत्र आणायचं. गाणी, नाच, खाणं, आणि रेल्वेच्या मैदानावर पळणं, उड्या, गोळाफेक. प्रत्येक अकॅडमीला एका शर्यतीत एकच जण उतरवता येणार होता. मात्र तो पहिल्या तिनात आला, तर पुढच्या वर्षी त्या अकॅडमीचे दोघं घेणार होते.

“पंधराशे मीटरला यवत,” सर म्हणाले आणि पुढं सांगू लागले.

“सर, थांबा,” यवत उठून उभा राहिला. “किनवटला घाला.”

मला वाटलं थट्टा चालली आहे. सरांनाही तसंच वाटलं असावं.

“ह्यो रोज आमच्यासाठी बाजूला होतो,” यवत म्हणाला. “एक दिस त्याला शेवटपर्यंत पळू द्या की. बघू तरी काय करतो.”

“आन् तू?”

“ह्यो तिनात आला की पुढच्या वर्षी दोघं. मी बी आलोच.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “उपकार न्हाई बरं का, गुंतवणूक हाय. न्हाई आलास तिनात, तर वर्षभर तुझा डबा मी खाणार.”

“तसंही खातोसच ना बाप्पा,” मी म्हणालो.

त्या दिवसापासून माझ्या काळजीला नवीन जागा मिळाली. पळायची भीती नव्हती. पळता मला येतं, हे मला चांगलं माहीत होतं. पण ती जागा यवतची होती. ती मी वाया घालवली, तर त्याचं पुढचं वर्षही गेलं. कंपनीत जाळ्या पुसताना हात चालत असायचे आणि डोक्यात तेवढंच. सुपरवायझरनं एकदा विचारलं, “किनवट, जाळीला भोक पडंल, किती घासतोस?”

दौंडला जायच्या सकाळी आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघालेल्या एसटीत बसलो. सर, यवत, मी आणि आप्पा. आप्पांना कुणी बोलावलं नव्हतं. ते स्वतःच स्टँडवर हजर झाले, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन. त्यांची शेवंती आहे, ती त्या वर्षी फार चांगली आली होती.

“आप्पा, ह्यात काय?” यवतनं विचारलं.

“हार हाय. जिंकणाऱ्यासाठी.”

“आणि नाही जिंकलो तर?” मी विचारलं.

“तर स्टेशनाजवळच्या मारुतीला. फुलं वाया जायची न्हाईत, तू काळजी करू नगं.”

रेल्वेच्या मैदानाला रंगीत मांडव घातला होता. फक्कीनं आखलेल्या रेघा पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. सुरुवातीला सगळ्यांनी आपापल्या गावाची पाटी घेऊन एक फेरी मारायची होती. देश नाही, गाव. मला ते आवडलं. आमच्या पाटीवर शिरूर होतं. माझ्या शेजारी एक गोरटेला, कुरळ्या केसांचा, माझ्याच वयाचा मुलगा होता. त्याच्या पाटीवर मोसूल लिहिलं होतं. आमच्या पोरांची आणखी एक गाडी मागून आली होती, ती कडेनं ‘किनवट, किनवट’ ओरडत होती. त्यानं ते ऐकलं आणि पाटीकडं बघून गोंधळला.

“किनवट क्या है?” पुण्यात राहून त्याची हिंदी माझ्यापेक्षा बरी झाली होती.

“मेरा गाँव. बहुत दूर.”

“मोसूल भी बहुत दूर. इराक में.”

त्यानं मला मोसूल कुठं ते हात लांब करून दाखवलं. मीही हात लांब करून किनवट दाखवलं. दोघांनाही काही कळलं नाही, पण दोघांनी समजल्यासारखी मान हलवली. तो पुण्यात औषधशास्त्र शिकत होता. पंधराशेला तोही होता.

सकाळी दोन हीट होत्या. प्रत्येकीतले पहिले चार जण दुपारच्या फायनलला. मोसूल आणि मी एकाच हीटमध्ये आलो. शिट्टी झाली आणि दोनशे-तीनशे मीटरमध्येच मी पुढं निघालो. मला दुसरं येतच नाही. पुढं राहायचं, चाल एकसारखी ठेवायची. पाय हलके होते, मैदान कालव्यापेक्षा मऊ होतं. शेवटच्या राऊंडची घंटा झाली तेव्हाही मी पुढंच होतो आणि अंगात दम भरपूर होता. मला आठवतं, मी मनात म्हणालो, झालं आता.

शेवटचं वळण संपता संपता मागून पावलं जवळ वाजली. आणि मी उजवीकडं सरकलो.

ठरवून सरकलो नाही. कुणी धक्काही दिला नाही. जसं समोरून माणूस आला की आपण दारातून जरा बाजूला होतो, तसं झालं. आतली रेघ मोकळी झाली. तिथून आधी मोसूल गेला, त्याच्यामागून आणखी दोघं. आणि मी, देवाशपथ सांगतो, तोंड उघडून ओरडलो, “चला, चला, सोडू नका!”

मग कुंपणावरून यवतचा आवाज आला. ती शिवी इथं लिहिता येत नाही. त्या शिवीनं मी भानावर आलो आणि पळालो. मागचा एक जण मला गाठतच होता. चौथा आलो. अगदी थोडक्यात.

मांडवात परतलो तर यवत पुरीभाजीचं पाकीट हातात धरून उभा होता.

“कुणासाठी बाजूला झालास रं? पावनं हायेत का तुझं ते?”

“माझं मलाच कळलं नाही.”

“वरनं त्यांना म्हणतोस, चला चला! पाणी बी पाजायचं हुतंस. पानसुपारी द्यायची हुतीस!”

“जाऊ दे रं,” आप्पा खुर्चीतून म्हणाले. “माझा एक बैल असाच हुता. दुसऱ्याच्या शेतात नांगरायला दिला, तरी दुपार झाली की आमच्या हिरीकडं वळायचा. त्याची काय चूक? आम्हीच वळवला हुता त्याला, रोज.”

यवतचं तोंड एकदम बंद झालं. सरांनीही मान खाली घातली. आप्पांना टोमणा मारायचा नव्हता; ते आपले बैलाचं बोलत होते. पण मला दोघांची ती तोंडं बघवेनात. ज्यांनी मला उभं केलं तेच असे अपराध्यासारखे बसले, तर मी कुणाच्या जोरावर पळू? मी म्हणालो, “सर, दम भरपूर उरलाय. फायनलला असं होणार नाही.” म्हणालो खरा, पण पायांवर माझा भरवसा नव्हता. डोक्यानं ठरवलेलं पाय ऐकतील का, हा प्रश्न होता.

सर म्हणाले, “मागची पावलं ऐकू नगंस.”

“कानात बोळे घालू का?”

“न्हाई,” यवत म्हणाला. त्याला काहीतरी सुचलं होतं. “तू जिथं बाहेर सरकतोस ना, वळण संपतंय तिथं, बाहेरच्या अंगाला मी उभा ऱ्हातो. चप्पल हातात घिऊन. उजवीकडं आलास की सरळ माझ्या चपलंवर येशील. आलं ध्यानात?”

“मारशील?”

“सगळ्या देशांच्या देखत.”

दुपारी ऊन उतरायला लागल्यावर फायनलला बोलावलं. आठ जण उभे राहिलो. मोसूल माझ्या शेजारीच होता. सुरुवात करणाऱ्या गुरुजींनी हात वर केला आणि नेमकी मैदानामागून मालगाडी निघाली. एवढा आवाज की शिट्टी कुणालाच ऐकू आली नसती. गुरुजी हात वर धरून उभे, आम्ही वाकून उभे, आणि डबे संपता संपेनात. मोसूल पुटपुटला, “ये गाडी इराक तक है क्या?” मला हसू आलं.

गाडी गेली. शिट्टी झाली.

मी पुन्हा पुढं. पहिला राऊंड तसाच, दुसरा तसाच. डोळ्यांसमोर पांढरी रेघ आणि कानात माझाच श्वास. आतल्या रेघेवर माझ्यामागं कुणीतरी होतं; त्याची सावली मला दिसायची, पुढं यायची नाही. घंटा झाली. पाठीमागचं वळण घेताना मला पहिल्यांदा उजवा खांदा जड वाटायला लागला. जसा कुणी उसाच्या अंगाला हळूच ओढतोय. शेवटच्या वळणावर पावलं वाजली. जवळ. अगदी माझ्या टाचेला.

आणि मला कुंपणाशी यवत दिसला. एका पायात चप्पल, एक हातात. हात डोक्याच्या वर. त्याच्याशेजारी हार छातीशी धरून आप्पा. यवत काय ओरडत होता ते मला ऐकू आलं नाही, पण ती चप्पल एवढी मोठी दिसली की आजही डोळे मिटले की दिसते. माझा डावा पाय रेघेच्या कडेला पडला. उजवा सरळ पडला. पुन्हा डावा रेघेला. मी हललो नाही.

मागची पावलं अडखळली. जो मागं होता तो माझ्या आतून निघायची वाट बघत होता आणि वाट उघडलीच नाही. मी सरळ रेघेवर आलो. समोर दोरी दिसत होती. तेवढ्यात माझ्या उजव्या हाताला, पार बाहेरून, हिरव्या बनियनचा एक जण माझ्या शेजारी आला. पुण्याच्या कुठल्यातरी कॉलेजचा होता. ज्या बाजूला मी सरकणार नव्हतो त्याच बाजूनं तो आला, आणि माझ्याहून ताजा होता. मी त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही, पण तो पहिला आला. मी दुसरा. माझ्यामागून मोसूल, तिसरा.

यवत कुंपणावरून उडी मारून आला, एका पायानं अनवाणी. चप्पल अजून हातातच होती. त्यानं ती माझ्या पाठीत हाणली. “दुसरा! अरं दुसरा!” आणि दुसरीकडं तोंड करून नाक पुसायला लागला. सर नुसतेच स्टॉपवॉचकडं बघत होते, जसं काही त्याच्यात आणखी काहीतरी दिसणार आहे. आप्पांनी फडकं सोडलं आणि हार माझ्या गळ्यात घातला.

“आप्पा, मी पहिला नाही आलो.”

“मला कुठं त्या हिरव्या पोराचं गाव म्हाईत हाय,” आप्पा म्हणाले. “मारुतीला उद्या दुसरा करीन.”

मोसूल पाण्याची बाटली घेऊन माझ्याशेजारी गवतावर येऊन पडला. जरा वेळ दोघंही नुसते धापा टाकत होतो.

“सुबह दरवाज़ा खोला,” तो म्हणाला. “अभी बंद. क्यूँ? मैं वहीं खड़ा था, भाई. खुलेगा, खुलेगा.”

मी त्याला जमेल तसं कालव्याचं सांगितलं. बाभळ, ऊस, ओढणारा. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग मी विचारलं, “तू बाहेर से क्यूँ नहीं गया? जगह थी.”

त्यानं हातानं गवतावर एक रेघ काढली. म्हणाला, त्यांच्याकडं लढाई संपल्यावरही कितीतरी दिवस सगळे मळलेल्या वाटेवरूनच चालायचे. वाटेच्या बाहेर जमिनीत काय पुरलेलं असेल कुणाला माहीत. त्याच्या शाळेच्या मैदानाला तर आधी दोरी बांधली होती. “आदत है,” तो म्हणाला. “मेरा पैर लाइन के बाहर नहीं जाता. दिमाग को पता है, इंडिया है, कुछ नहीं होगा. पैर को नहीं पता.”

मी आप्पांच्या हारातली दोन शेवंतीची फुलं तोडून त्याला दिली. त्यानं ती कानाला लावली आणि म्हणाला, “अगले साल बाहर से आऊँगा. देख लेना.”

संध्याकाळी स्टेशनाबाहेरच्या टपरीवरून घरी फोन लावला. आईला सांगितलं, दुसरा आलो. ती म्हणाली, “म्हणजे एकच पोरगा पुढं होता व्हय रे बाप्पा?” मी म्हणालो हो. तिनं वडलांना ओरडून सांगितलं, “एकच होता म्हंते पुढं!” आणि मग मला विचारलं, “पडला तर नाही ना कुठं?”

सोमवारी पहाटे पुन्हा कालवा. डबा पुलावर, पोरं मागं. बाभळ आली, पावलं वाजली, आणि मी सरकलो नाही. मागून येणारे एकमेकांवर आदळले. एकाचा पाय पाण्यात गेला. शिव्यांचा पाऊस.

“किनवट, डोकं फिरलंय का तुझं?”

सर पुलावरून बघत होते. मला भीती वाटली की आता माझं काम गेलं. मी त्यांच्याकडं बघून म्हणालो, “सर, मला आता नाही जमायचं बाजूला व्हायला. मैदानावर पुन्हा तसंच होईल.”

सरांनी स्टॉपवॉच खिशात घातलं. मग पोरांकडं वळून म्हणाले, “भरतीच्या मैदानावर तुमच्यासाठी कोण बाजूला व्हणार हाय रं? आजपास्नं ह्यो हलणार न्हाई. ज्याला जायचंय त्यानं बाहेरनं जायचं.”

बाहेरून म्हणजे उसाच्या अंगानं. तिथं पाचट पडलेलं असतं, पाला अंगाला कापतो. पोरांनी मला बरेच दिवस नावं ठेवली. यवतनं सगळ्यांत जास्त. रोज बाभळीपाशी तो बाहेर पडायचा, रोज उसाचा पाला तोंडावर घेऊन माझ्यामागंच पुलावर यायचा आणि माझ्या डब्याला हात घालायचा. “मीठ कमी हाय,” एवढं बोलून रागानं चावत बसायचा. मी मुद्दाम कधी हळू पळालो नाही. एकदा वाटलं होतं, द्यावं त्याला एक दिवस. पण तो माझ्याकडं असा बघायचा की तसं केलं असतं, तर खरंच चप्पल खाल्ली असती.

या वर्षी दौंडला आमचे दोन चेस्ट नंबर होते. एक माझ्या छातीवर, एक यवतच्या. मोसूल आला नव्हता. त्याची परीक्षा होती, त्यानं निरोप धाडला होता की दरवाजा बंदच ठेव. आप्पा आले होते. वळण संपतं तिथं कुंपणाशी उभे होते, हार एका हातात आणि यवतची चप्पल दुसऱ्या. चप्पल कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाले, “असू दे. नसली तर जागा मोकळी वाटती.”

घंटा झाली तेव्हा मी पुढं होतो. शेवटच्या वळणावर मागून पावलं वाजली. ही पावलं मला ओळखता येतात. रोज बाभळीपाशी ऐकतो. डावा पाय जरा जोरात टाकतो तो. मी आतल्या रेघेला चिकटून राहिलो. होतं नव्हतं ते सगळं पायांत घातलं. पावलं मागून बाजूला गेली, मग माझ्या उजव्या खांद्याशी आली, मग त्याच्याही पुढं. दोरीच्या अलीकडं यवतची घामानं भिजलेली पाठ माझ्यासमोर होती.

बाहेरून गेला. मी जरासुद्धा हललो नव्हतो.